ससुलीची खोटी थुंकी

ससुली हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. दारावर कुणी टकटक केली की ही पोरगी आईच्या शिलाई मशीनखाली. मग दूधवाला असो, शेजारीण असो नाहीतर स्वतःची सख्खी मावशी. मावशीनंच ठेवलं ते नाव. एकदा खाली वाकून बघते तर पायडल आणि चाकाच्या मधून दोन डोळे लुकलुकतायत. "अगं बाई, ही पोरगी आहे की ससुली?" म्हणाली, आणि झालं, चिकटलं ते चिकटलं.

आता ससुली वाढली होती, मशीनखाली मावत नव्हती, पण भीती काही कमी झाली नव्हती. शाळेत धडा वाचायला उभी केली की कानाच्या पाळ्या लाल, ओठ पांढरे. मागच्या महिन्यात तर बाईंनी फळ्यापाशी बोलावलं आणि हिनं तिथंच सकाळचं सगळं ओकून टाकलं. पोरं हसली. घरी आल्यावर ससुली एवढंच म्हणाली, "माझा हात फळ्यापर्यंत गेलाच नाही." आणि कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे वेगळ्या करत बसली.

तिची आई शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, कुणाची चेन बदल, कुणाची कंबर सैल कर. गल्लीत सगळे तिला शिवणवाली म्हणत. बाई हाताची सफाईदार आणि तोंडाची फटकळ. मशीन एका लयीत आणि तोंड दुसऱ्या लयीत, दोन्ही दिवसभर चालू. पण ससुलीचा विषय निघाला की दोन्ही बंद. कारण तिच्या मनात एक काटा होता आणि तो तिनं स्वतःच्या हातानं रुतवून घेतला होता.

ससुलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा बाईचे फार हाल झाले. दूध समोर आलं की मळमळ, अंड्याचा वास आला की उलटी, मटणाचं तर नावच नको. चहा आणि टोस्टवर दिवस काढले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण एक गोळी पोटात ठरेल तर शपथ! त्याच डॉक्टरीणबाईंनी तेव्हा गल्लीगल्लीतल्या गरोदर बायकांचं रक्त घेतलं होतं. ते बाटल्यांमध्ये गोठवून ठेवलं आणि झालेल्या मुलांची पुढे दरवर्षी उंची, वजन, डोळे, दात, सगळं बघत राहिल्या. ससुली वर्षातून एकदा तिथं जायची, आईच्या पदराला लटकून.

यंदा त्यांनी सगळ्या आयांना बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. म्हणाल्या, "माणूस घाबरला की अंगात एक रस सुटतो. तो थुंकीतही उतरतो. कुणाचा भराभर चढतो आणि उतरायला वेळ लावतो, कुणाचा जेमतेम चढतो. मूल पोटात असताना आईच्या रक्तात कोणती जीवनसत्त्वं किती होती, बी-बारासारखी, आणि पुढे मुलाचं शरीर ताण कसा घेतं, यांचा काही संबंध आहे का, ते आम्हाला बघायचंय."

बाकीच्या आयांनी माना डोलावल्या. शिवणवालीनं मात्र त्यातलं एकच ऐकलं. ती भर सभेत उभी राहिली. "म्हणजे माझ्या रक्तात कमी होतं म्हणून माझी पोरगी घाबरट झाली?"

"ते आम्हाला अजून माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारतोय. आणि कळलं तरी शेकडो मुलांचं मिळून कळेल. एका मुलीकडे बोट दाखवून नाही सांगता येणार."

"शेकडो राहू द्या हो. माझं कमी होतं का, तेवढं सांगा."

डॉक्टरीणबाईंनी खोटं बोलायची सवय लावून घेतलेली नव्हती. "कमी होतं," त्या म्हणाल्या. "बऱ्याच जणींचं होतं."

पुढचं वाक्य शिवणवालीच्या कानात शिरलंच नाही. 'कमी होतं' एवढंच घेऊन ती घरी आली. कापडातच खोट असली तर वरून कितीही इस्त्री फिरवा, असं तिचं रोजचं म्हणणं. आता ते तिच्यावरच उलटलं. लोक खाण तशी माती म्हणतात ते काय उगाच? मावशीनं समजावलं, "अगं, तुला काय हौस होती उलट्यांची? मरायला टेकली होतीस तू तेव्हा, पार चिपाड झाली होतीस." पण अपराधी मनाला समजूत घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता ती चाचणी कशी होती ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातच आहे. एका खोलीत टेबलामागे दोन परीक्षक बसणार. मूल त्यांच्यासमोर एकटं उभं राहणार. अर्धवट दिलेली गोष्ट मोठ्यानं पुरी करायची, मग हजारातून सात-सात वजा करत खाली यायचं. आणि ते परीक्षक? हसायचं नाही. मान हलवायची नाही. 'छान', 'बरोबर' असं काही म्हणायचं नाही. मुलाला वाटलं पाहिजे, आपण भिंतीशी बोलतोय. संपलं की लगेच दोघं टेबलामागून बाहेर येऊन मुलाला जवळ घेणार आणि सांगणार, ते सगळं नाटक होतं, तू फार छान केलंस. आयांनी शेजारच्या खोलीतून पडद्यावर बघायचं. नाही बघवलं तर घंटी दाबायची, चाचणी तिथल्या तिथं बंद.

अट एकच. मुलाला आधी सांगायचं नाही. "ज्या मुलाला माहीत आहे की हे नाटक आहे, ते खरं घाबरणारच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मग त्याची थुंकी आम्हाला खोटं सांगेल, आणि आम्ही ते खरं धरून बसू. त्यापेक्षा ते मूल न आलेलं बरं." सगळ्या आयांनी कबूल केलं. शिवणवालीनंही केलं, हात वर करून.

आणि आदल्या दिवशी दुपारी मोडलं.

झालं असं की ससुली तिला सुईत दोरा ओवून देत होती. दोरा काही केल्या जाईना. पोरीची बोटं थरथरत होती. "उद्या तिथं काय करायचंय गं आई?" तिनं विचारलं. शिवणवालीनं त्या बोटांकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांपुढे तो फळा आला, ती हसणारी पोरं आली. जिभेला हाड असतं तर कदाचित अडलं असतं.

"हे बघ," ती म्हणाली, "तिथं दोघं बसलेले असतील. रागावल्यासारखं करतील. पण ते खोटं असतं, नाटक. मनातून ते हसतच असतात. घाबरायचं नाही. आणि हे मी सांगितलं म्हणून कुणाला सांगायचं नाही, कळलं?"

ससुलीनं मान हलवली. दोरा ओवला गेला. शिवणवालीचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिला वाटलं, आपण काहीतरी भलतंच करून बसलो. पण ती मनाशी म्हणाली, गेली चाचणी खड्ड्यात. पोर माझी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गेल्या. ससुलीनं आईनं शिवलेला निळा फ्रॉक घातला होता, नवाकोरा. घाईत त्याच्या घेराला एक दोरा सुटा राहिला होता. तिथं त्यांना भेटली ती मुलांची लाडकी थुंकीताई. ही दवाखान्यातली ताई मुलांच्या तोंडात कापसाची गुंडाळी देऊन थुंकी गोळा करायची, म्हणून पोरांनीच तिचं बारसं केलं होतं, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची.

"घरी चाचणीबद्दल काही बोललात का?" थुंकीताईनं शिवणवालीला विचारलं. हे सगळ्यांनाच विचारत.

"छे! एक अक्षर नाही."

ससुलीनं मान वर करून आईकडे पाहिलं. शिवणवालीनं पोरीच्या खांद्यावरून नसलेली धूळ झटकली.

थुंकीताईनं ससुलीच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधला आणि कापूस तोंडात दिला. "चाव हलकेच. हां. अगदी शेळीसारखी."

ससुलीनं कापूस गालात सरकवला. "या थुंकीचं काय करता तुम्ही?"

"हिच्यातून आम्ही शिकतो. आज तू जे देतेस ना, त्यावरून कधीतरी कळेल की पोटातल्या बाळांच्या आयांना काय खायला-प्यायला द्यायला हवं. जी बाळं अजून जन्मलीसुद्धा नाहीत, त्यांच्यासाठी काम करतेयस तू. आहेस कुठे?"

ससुली एकदम गप्प झाली. तशी ती गप्पच असायची, म्हणून कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

मग ती त्या खोलीत गेली आणि दार लागलं. शिवणवाली शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसली, थुंकीताई तिच्या बाजूला. टेबलावर घंटीचं बटण होतं. पडद्याच्या कोपऱ्यात ससुलीच्या ठोक्यांची हिरवी रेघ उड्या मारत होती.

टेबलामागे दोघं होते. एक चष्मेवाला आणि दुसरी दगडीबाई. दगडीबाई म्हणजे त्या दवाखान्यातली आख्यायिकाच होती. एवढी मुलं तिच्यासमोरून गेली, पण तिच्या तोंडावरची माशी हलली नाही. एका पोराला भर चाचणीत मोठ्ठी ढेकर आली तेव्हा चष्मेवाल्याला खोकल्याचं सोंग करावं लागलं होतं. ही आपली बघतेय भिंतीकडे बघावं तशी.

"एक मुलगी मोठ्या घरात वाट चुकते," दगडीबाई सपाट आवाजात म्हणाली. "एका बंद दारामागून तिला आवाज येतो. पुढची गोष्ट सांग. सुरू कर."

ससुली उभी राहिली. बोलेना. तिचा हात फ्रॉकच्या घेराकडे गेला आणि तो सुटा दोरा बोटाभोवती गुंडाळू लागला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ओठ पांढरे झाले. शिवणवालीला ती लक्षणं पाठ होती. अगं, सांगितलंय ना तुला, नाटक आहे, नाटक! तिचं बोट आपसूक बटणावर गेलं.

"अजून वेळ आहे. बोल," दगडीबाई म्हणाली.

"मला," ससुली म्हणाली, आणि आवाज फाटला. "मला आधी एक दुसरं सांगायचंय. तुम्ही खरे रागावलेले नाही. ते नाटक आहे. मला माहितीये. आईनं सांगितलं."

शिवणवालीच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी थुंकीताईची मान सावकाश तिच्याकडे वळली. शिवणवालीनं काही त्या बाजूला पाहिलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

खोलीत ससुली बोलतच होती, धापा टाकत, जिना चढून आल्यासारखी. "आई वाईट नाहीये. मी शाळेत ओकले ना, म्हणून तिला माझी काळजी वाटते. पण माझी थुंकी खोटी आहे. ती मोजू नका. नाहीतर त्या बाळांचं चुकेल."

आता इथं कुणीही असतं तर उठलं असतं. पण दगडीबाईला शिकवलेलं होतं की मूल काहीही म्हणो, रडो, विनवो, आपलं एकच वाक्य. घंटी वाजल्याशिवाय थांबायचं नाही. बिचारीनं तेच म्हटलं.

"अजून वेळ आहे. बोलत राहा."

ससुलीनं डोळे मोठे केले. तिला वाटलं, यांना कळलं नाही. "अहो, माझी थुंकी खोटी आहे!"

"बोलत राहा."

हिरवी रेघ नुसती थयथयाट करत होती. "बाप रे," थुंकीताई पुटपुटली, "ही काही नाटक माहीत असलेली मुलगी नाही हो. एवढे ठोके मी कमी मुलांचे पाहिलेत." मग हळूच म्हणाली, "थांबवू या का?"

शिवणवालीचं बोट बटणावर होतं. दाबायचं एवढंच होतं. पण पडद्यावर तिची पोरगी उभी होती. दाराकडे बघत नव्हती. फ्रॉकचा घेर थरथरत होता, आणि तरी पोरगी दोन्ही पाय रोवून उभी होती. काय सांगितलं तिनं आत्ता? आईला जे दोन शब्द त्या हसऱ्या थुंकीताईला सांगता आले नाहीत, ते हिनं त्या दगडासमोर सांगितले. आणि आईची लाज राखून सांगितले. शिवणवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं बोट उचललं.

"नको," ती म्हणाली. "तिला पुरं करू दे."

आणि ससुलीनं पुरं केलं. नाक फ्रॉकच्या बाहीला पुसलं आणि गोष्ट सांगायला लागली. म्हणाली, त्या मुलीनं दार ढकललं तर आत एक बाई बसली होती. त्या बाईला कुणीतरी सांगितलं होतं की हसायचं नाही. ती फार दिवसांत हसली नव्हती, त्यामुळे तिचे गाल दुखत होते. तो आवाज तिच्या गालांचा होता, कुरकुर, कुरकुर. मुलीनं विचारलं, दुखतंय का? पण बाईला सांगायचीही परवानगी नव्हती. मग ती मुलगी तिथंच बसून राहिली, कारण वाट तर तीही चुकली होती, आणि एकटीपेक्षा दोघी बऱ्या.

चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला. दगडीबाई तशीच बसली होती, पण तिच्या हनुवटीला काहीतरी होत होतं.

मग वजाबाकी. ससुली चुकली. "चूक. पुन्हा हजारापासून," दगडीबाई म्हणाली, आवाज आता तितकासा सपाट राहिला नव्हता. ससुली हजारापासून निघाली. पुन्हा चुकली. पुन्हा हजार. तिसऱ्यांदा चुकली तेव्हा रडत होती, पण रडत रडत स्वतःच म्हणाली, "थांबा, थांबा, पुन्हा हजारापासून." दगडीबाईला म्हणायलाच लागलं नाही.

शेवटी वेळ संपली. पुढचं शिवणवालीनं पडद्यावर पाहिलं ते असं, की दगडीबाई उठली, टेबलाला वळसा घालून आली, आणि फरशीवर मांडी घालून ससुलीसमोर बसली. हसायला गेली आणि तिनं भोकाडच पसरलं. ससुली घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "गाल दुखतात का हो?" तिनं विचारलं. "दुखतात गं, फार दुखतात," दगडीबाई म्हणाली.

ससुली बाहेर आली. थुंकीताईनं तिला पाणी दिलं, पट्टा सोडला.

"माझी थुंकी घेणार का आता?" ससुलीनं विचारलं.

"मोजण्यात नाही धरता येणार ती, राणी. तूच सांगितलंस ना. दुसऱ्या मुलांची आहे आमच्याकडे, त्यांच्यावरून शिकू." थुंकीताईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि शिवणवालीकडे वळली. रागावलेली दिसत नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "ताई, डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला आत बोलावलंय."

लांब बोळाच्या टोकाला डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार होतं, बंद. दोघी तिथवर गेल्या. दारापाशी शिवणवालीचे पाय जड झाले. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी भांडलेली बाई, पण आता तिचा हात दारापर्यंत जाईना. डाव्या हाताला जिना दिसत होता. खाली उतरलं की सरळ रस्ता. काहीतरी निमित्त सांगता येईल, मशीनवर काम पडलंय म्हणावं.

त्या सभेपासून तिला डॉक्टरीणबाईंना पुन्हा एकच विचारायचं होतं, की माझ्यामुळे का? आज त्या प्रश्नाची तिला आठवणही झाली नाही. खाण तशी माती म्हणतात, पण ही माती खाणीला लाजवणारी निघाली होती. आता खाणीलाच दारात उभं राहवत नव्हतं.

"ससुले," ती म्हणाली, "तुला भीती नाही वाटली गं आत?"

"वाटली ना. अजून वाटतेय. हे बघ." ससुलीनं हात पुढे केला. बोटं थंडगार होती आणि थरथरत होती, काल दोरा ओवताना थरथरत होती तशीच. बोटाला तो निळा दोरा अजून गुंडाळलेला होता. "तू चिडलीस का माझ्यावर?"

"नाही गं माझे आई." शिवणवालीनं त्या दोऱ्याकडे पाहिलं. मग बोललीच. "मला भीती वाटतेय. आत काय सांगू मी?"

ससुलीनं जरा विचार केला. "खरं सांग. सुरुवातीला बोलताच येत नाही, इतकी भीती वाटते. मग भीती वाटतच राहते, पण बोलता येतं." तिनं आईचा हात आपल्या थरथरत्या हातात घट्ट धरला. "मी आहे ना."

आणि आई जिन्याकडे बघतेय तोवर, दारावर टकटक ससुलीनंच केली.